काळ्या मातीवरचं घर खचतंय: पाया सावरण्याचं काम कसं करावं

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी तड निघते. गवंडी येतो, तड व्ही आकारात खोदतो, सिमेंट भरतो, वरून रंग मारतो. पुढच्या उन्हाळ्यात तड त्याच जागी पुन्हा उघडते आणि या वेळी तीत नाणं जातं. विदर्भ, मराठवाडा, सोलापूर, अहिल्यानगर या काळ्या मातीच्या पट्ट्यात हे घरोघरी दिसतं. कारण एकच, दुरुस्ती भिंतीची होते आणि दुखणं जमिनीत असतं.

हा लेख विटांच्या किंवा दगडांच्या भारवाही (म्हणजे स्लॅबचा भार स्वतः पेलणाऱ्या) भिंती असलेल्या, एक किंवा दोन मजल्यांच्या घरांसाठी आहे. तुमचं घर आरसीसी कॉलमवर उभं असेल आणि कॉलमच खचत असेल, तर पुढची टप्प्यांची पद्धत तिथे वापरू नका. एका कॉलमखाली सगळा भार एकवटलेला असतो. ते काम स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या डिझाइनशिवाय होत नाही. भिंतीच्या पायालासुद्धा इंजिनिअर हवाच, पण तो आल्यावर काय विचारायचं आणि मिस्त्रीच्या कामात काय पाहायचं, हे घरमालकाला कळलंच पाहिजे.

आधी तड वाचा

प्रत्येक तड पायाची नसते. स्लॅबच्या लगेच खाली भिंतभर आडवी गेलेली तड बहुतेकदा उन्हाने स्लॅब ताणल्यामुळे येते. कॉलम आणि विटांच्या सांध्यावरची सरळ उभी बारीक रेघ म्हणजे दोन वेगळ्या वस्तूंचा सांधा उघडलेला असतो. कॉलमच्या सळईच्या ओळीने फुटलेलं प्लास्टर गंजाचं लक्षण आहे. यातल्या कशासाठीही पाया खोदू नका.

पायाची तड तिरपी असते आणि विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी चढते. तिची जाडी सगळीकडे सारखी नसते. भिंतीचं टोक किंवा कोपरा खाली गेला असेल तर तड वर रुंद आणि खाली बारीक होत जाते. भिंतीचा मधला भाग बसला असेल तर उलट, खाली रुंद आणि वर बारीक. तिरप्या तडेचं वरचं टोक ज्या बाजूला झुकतं, त्या बाजूचा पाया खाली चाललेला असतो. मधला भाग खचला की दोन्हीकडच्या तडा एकमेकींकडे झुकून कमानीसारखी आकृती दिसते. त्या कमानीखालीच शोधायला लागा. शिवाय दार चौकटीत घासायला लागतं, फरशीवर टाकलेली गोटी एकाच कोपऱ्याकडे धावते, जोत्याची वरची कड सुतात राहत नाही.

तडेच्या कडा जवळून बघा. आत धूळ, कोळिष्टकं, जुना रंग असेल तर ती जुनी आहे आणि कदाचित थांबलेली आहे. कडा ताज्या, स्वच्छ आणि विटेच्या रंगाच्या असतील तर ती अजून चालू आहे.

रुंदीचा ढोबळ हिशोब असा: १ मिमीपर्यंतची तड रंगकामाची गोष्ट आहे. ५ मिमीपर्यंत असेल तर लक्ष ठेवायचं. ५ ते १५ मिमी म्हणजे दारं-खिडक्या अडकतात, पाइप निसटू शकतात, इंजिनिअरला बोलवायची वेळ झाली. १५ मिमीच्या वर गेली की त्या खोलीत झोपणं बंद करा आणि टेकू आधी लावा.

घर हलतंय का, हे मोजा

तडेच्या दोन्ही बाजूंना भिंतीत एकेक खिळा पक्का करा. खिळ्यांमधलं अंतर व्हर्नियर कॅलिपरने दर पंधरा दिवसांनी मोजून तारखेसह वहीत लिहा. कॅलिपर नसेल तर काचेची पातळ पट्टी तडेवर आडवी ठेवून दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. पट्टी तुटली म्हणजे भिंत हलली. मात्र किती हलली ते काच सांगत नाही, म्हणून खिळे बरे. प्लास्टर सैल असेल तर ते काढून खिळा विटेतच मारा, नाहीतर तुम्ही प्लास्टरची हालचाल मोजत बसाल.

जोत्याची पातळी पाण्याच्या पारदर्शक नळीने घ्या. घराच्या चारी बाजूंना जोत्याच्या वरच्या कडेवर दर दीड-दोन मीटरवर खूण करा. नळीत एकही बुडबुडा नको. सर्वांत उंच खूण शून्य धरून बाकीच्या किती मिमी खाली आहेत ते नकाशावर मांडा. कुठला कोपरा गेला ते तिथेच दिसतं.

मोजमाप किमान एक उन्हाळा आणि एक पावसाळा चालू ठेवायला हवं, कारण काळ्या मातीचा स्वभावच ऋतूवर चालतो. तड एप्रिल-मेमध्ये उघडते आणि पावसाळ्यात मिटते, तर माती सुकून आकसते आणि भिजून फुगते आहे. पाया उथळ आहे, एवढाच त्याचा अर्थ. तड वर्षभर एकाच दिशेने वाढत राहिली तर भराव बसतोय किंवा कुठून तरी पाणी मुरतंय. एखाद्या गळतीनंतर आठवड्याभरात मोठी झाली तर वर्षभर थांबू नका, गळती शोधा.

मातीची खात्री करायला एक चाचणी आहे. ४२५ मायक्रॉनच्या (०.४२५ मिमी छिद्रांच्या) चाळणीतून गाळलेली, भट्टीत वाळवलेली माती प्रत्येकी १० ग्रॅम घेऊन दोन १०० मिलीच्या मोजनळ्यांत टाका. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. काडीने ढवळून हवा काढा आणि २४ तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. पाण्यातली माती रॉकेलमधल्या मातीपेक्षा जितके टक्के जास्त जागा व्यापेल तो फुगवटा. रॉकेलमध्ये १० मिली आणि पाण्यात १८ मिली भरली तर फुगवटा ८० टक्के. पन्नासच्या वर गेला की माती त्रासदायक समजा. प्रयोगशाळेत हे काम स्वस्तात होतं. पण स्वतःच्या डोळ्यांनी एकदा तरी पाहावं, मग घर का हलतं ते पुन्हा कुणाला विचारावं लागत नाही.

पाणी तोडा

खोदण्याआधी हेच करायचं. बऱ्याच घरांचं काम इथेच थांबतं, म्हणून घाई करू नका. न्हाणी आणि संडासाचे चेंबर उघडून बघा. बादलीभर पाण्यात रंग कालवून ओता आणि पुढच्या चेंबरला तो रंग किती येतो ते पाहा. कमी आला तर मधला पाइप फुटलेला आहे. पागोळ्यांचं आणि गच्चीच्या पाइपचं पाणी जोत्याच्या पायथ्याशी पडत असेल तर ते पन्हळीने किमान ३ मीटर लांब न्या. शोषखड्डा भिंतीला चिकटून असेल तर तो बंद करून दूर करा. घुशींची बिळं शोधा. जोत्याखाली घुशींनी पोखरलेली पोकळी पावसाचं पाणी थेट पायाखाली घेऊन जाते.

झाडाबद्दल सावध राहा. पिंपळ, उंबर, निलगिरी भिंतीजवळ असतील तर ती मातीतलं पाणी ओढून पाया खाली घेतात. म्हणून लोक कुऱ्हाड घेऊन धावतात. पण काळ्या मातीतलं मोठं झाड एकदम तोडलं की वर्षानुवर्षं कोरडी राहिलेली माती पुन्हा पाणी धरते, फुगते आणि तोच कोपरा वर उचलते. फांद्या टप्प्याटप्प्याने उतरवा, दोन-तीन वर्षांत झाड काढा.

तपास खड्डा

सर्वांत जास्त खचलेल्या जागी बाहेरून भिंतीलगत १ मीटर बाय १ मीटरचा एकच खड्डा घ्या. खोली पायाच्या तळापर्यंत, आणि एका बाजूला पहारीने चाचपत आणखी खाली. चार गोष्टी वहीत लिहा: पायाची खोली, पायाची रुंदी, पाया कशाचा आहे, आणि काळी माती संपून मुरूम कुठे लागतो. बऱ्याच जुन्या घरांचा पाया दोन-अडीच फुटांवर संपतो आणि मुरूम पाच-सहा फुटांवर असतो. मधल्या तीन फुटांच्या काळ्या मातीवर घर दर वर्षी हेलकावे खात असतं.

चांगल्या मुरमावर पहार आपटली की हाताला झटका बसतो आणि टोक इंचभरापेक्षा जास्त रुतत नाही. काळी माती ओली असताना खोऱ्याला चिकटते, सुकी असताना ढेकळं निघतात आणि ढेकळाच्या फोडीवर तेलकट चमक दिसते. मध्येच पांढऱ्या चुनखडीचे खडे मिसळलेली पिवळसर माती लागली तर ती अजून मुरूम नाही, आणखी खाली जा.

मुरूम जमिनीपासून साधारण अडीच मीटरच्या आत असेल तर खालची टप्प्यांची पद्धत जमते. त्याहून खोल असेल तर हाताने खोदून पाया नेणं धोक्याचं आणि महाग. तिथे पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, हवेत. काळ्या मातीसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, खाली फुगा असलेले अंडर-रीम्ड पाइल वापरतात. फुग्याचा व्यास पाइलच्या अडीच पट असतो, आणि खोली साधारण साडेतीन मीटर, म्हणजे ऋतूप्रमाणे हलणाऱ्या थराच्या खाली. जुन्या घरात दोन्ही बाजूंना पाइल आणि भिंतीतून आरपार आडव्या बीम, असं ते काम असतं. त्यासाठी अनुभवी एजन्सीच लागते.

पायाखाली सिमेंटचं पाणी सोडून देतो, असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. काळ्या मातीचे कण इतके बारीक असतात की सिमेंटचं पाणी त्यांच्यात शिरतच नाही. वर पसरतं किंवा एखाद्या भेगेत थिजतं. घुशीच्या पोकळ्या आणि डबराच्या फटी भरायला मात्र ते कामाचं आहे.

टप्प्याटप्प्याने नवा पाया

हे काम दिवाळीनंतर सुरू करून होळीच्या आत संपवावं. तेव्हा भूजल उतरलेलं असतं, माती पूर्ण भेगाळलेली नसते, आणि पावसाची भीती नसते. मे महिन्यात अर्धवट खोदलेला पाया आणि वळवाचा पाऊस एकत्र आले की घर हातचं जातं.

खोदण्याआधी घर हलकं करा. गच्चीवरची १००० लिटरची टाकी भरलेली म्हणजे एक टन वजन. ती रिकामी करा. धान्याच्या पोत्यांची थप्पी आणि जड कपाटं दुसऱ्या बाजूला न्या. खचलेल्या भिंतीवर टेकणाऱ्या स्लॅबला किंवा पाटईच्या तुळयांना आतून टेकू द्या. टेकूखाली जाड फळी ठेवा, फरशीवर थेट टेकवू नका. दारं-खिडक्यांच्या पोकळीत लाकडाचे आडवे-उभे धिरे घट्ट बसवा. शेजाऱ्याची भिंत सामाईक असेल तर लेखी संमती घ्या. परवानगी लागते का, ते नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीत विचारा.

आता कामाचा गाभा. एकमजली, स्लॅब असलेल्या नऊ इंची विटांच्या घरात भिंतीच्या दर मीटर लांबीवर अडीच-तीन टन भार सहज असतो. पायाखालची माती काढली की त्या जागेचा भार कमानीसारखा बाजूच्या मातीवर जातो. खड्डा १.२ मीटर लांबीचा असेल तर भिंत स्वतःला तोलून धरते. ३ मीटर एकदम उघडला तर धरत नाही. काम लवकर आटपायच्या नादात मजुरांनी पूर्ण भिंतीखालची चर एका दिवसात खणल्याने भिंत बसते. या कामातला सर्वांत मोठा अपघात हाच, आणि तो पूर्ण टाळता येतो. भिंतीवर खडूने टप्पे आणि क्रमांक लिहा. मजूर आणि मुकादम दोघांनाही क्रम पाठ हवा.

एक उदाहरण घेऊ. घराचा एक कोपरा खचला आहे आणि दोन्ही बाजूंना १२ फूट, म्हणजे ३.६ मीटर पाया नवीन करायचा आहे. प्रत्येक बाजूचे १.२ मीटरचे तीन टप्पे, एकूण सहा. एका टोकापासून कोपऱ्यापर्यंत १, २, ३ आणि कोपऱ्यापासून पुढे ४, ५, ६. आधी १ आणि ५. मग ३ एकटा. मग २ आणि ६. शेवटी ४. कोपऱ्याला लागून असलेले ३ आणि ४ एका वेळी कधीच उघडायचे नाहीत. भिंत दगड-मातीची असेल तर टप्पा ०.९ मीटरचा करा, कारण मातीत बसवलेले दगड खाली आधार गेला की एकेक करून निखळतात. लातूर-धाराशिवकडची जुनी घरं अशी आहेत. तिथे इंजिनिअरने पाहिल्याशिवाय हातही लावू नये.

एका टप्प्याचा आठवडा असा जातो:

पहिला दिवस: बाहेरून भिंतीलगत मजूर उभा राहील एवढा, साधारण १ ते १.२ मीटर रुंद खड्डा पायाच्या तळापर्यंत. मग तिथून पायाखाली शिरून मुरमापर्यंत, आणि मुरमात निदान १५ सेमी. खड्डा दीड मीटरपेक्षा खोल गेला की बाजूंना फळ्या आणि आडवे धिरे लावल्याशिवाय कुणालाही आत उतरू देऊ नका. काळ्या मातीची कड उभी दिसते आणि एका क्षणात कोसळते. निघालेली माती कडेपासून दीड मीटर लांब टाका. तळावरची सैल माती हाताने काढून तो सपाट करा आणि त्याच संध्याकाळी १:४:८ चं (सिमेंट, वाळू, खडी) १० सेमी काँक्रीट ओता. तळ रात्रभर उघडा राहिला की दवाने आणि पायांनी मऊ होतो.

दुसरा दिवस: जुन्या पायाचा तळ तारेच्या ब्रशने घासा, लोंबणारे दगड काढा, पाणी मारा. बाहेरच्या बाजूला सेंट्रिंगची फळी लावून एम २० (१:१.५:३ प्रमाणाचं) काँक्रीट भरा. शेजारच्या टप्प्यात शिरतील अशा १६ मिमी जाड, ६० सेमी लांब चार सळया बाजूने बाहेर ठेवा, निम्मी लांबी या टप्प्यात, निम्मी मातीत खुपसलेली. व्हायब्रेटर फिरवा. जुन्या पायाच्या तळाखाली ७५ मिमी जागा मोकळी सोडा.

ही फट का? ताजं काँक्रीट थोडं बसतं आणि सुकताना आकसतं. तळाला टेकवून भरलं तर वर केसाएवढी पोकळी राहते आणि टेकू काढल्यावर घर तेवढं पुन्हा खाली येतं. म्हणून ४८ तास काँक्रीट घट्ट होऊ द्या. चौथ्या दिवशी फट कोरडसर १:३ मसाल्याने ठोकून भरा. एक भाग सिमेंट, तीन भाग जाड वाळू, आणि पाणी इतकंच की मूठ आवळली तर गोळा व्हावा, उघडली तर फुटू नये, तळहाताला ओल लागावी पण पाणी सुटू नये. मागच्या बाजूपासून पुढे येत थोडा थोडा मसाला सारा, चौकोनी लाकडी ठोकळा त्यावर धरून हातोडीने मारा. सुरुवातीला आवाज बद्द येतो. मसाला दाबला गेला की खणखणीत येतो आणि ठोकळा परत उसळतो. तो उसळेपर्यंत पुढचा थर टाकू नका. याच कामात सर्वांत जास्त चुकारपणा होतो, कारण नंतर ते दिसत नाही. मालकाने इथे उभं राहावं.

त्यानंतर आणखी तीन दिवस थांबून पुढचे टप्पे उघडा. चार फेऱ्या, म्हणजे साधारण चार आठवडे. या काळात खिळ्यांची मोजणी रोज घ्या. एका दिवसात अर्धा मिमी जरी वाढली तरी खोदाई थांबवा आणि इंजिनिअरला बोलवा.

सामान असं लागेल. नवा पाया ७५ सेमी रुंद आणि १ मीटर उंच धरला तर एका टप्प्याला ०.९ घनमीटर, सहा टप्प्यांना ५.४ घनमीटर काँक्रीट. १:१.५:३ प्रमाणात दर घनमीटरला आठ पोती सिमेंट धरा, म्हणजे ४४ पोती. वाळू ८० घनफूट, २० मिमी खडी १६० घनफूट, म्हणजे (एक ब्रास १०० घनफूट) वाळू पाऊण ब्रासच्या थोडी वर आणि खडी दीड ब्रासच्या थोडी वर. खालचा थर आणि ठोकायचा मसाला धरून सिमेंट ५० पोती आणा आणि वाळू पूर्ण एक ब्रास. पाणी एका पोत्याला २५ लिटरच्या वर जाऊ देऊ नका. खड्ड्यात भरायला सोपं जावं म्हणून मजूर पातळ करतात, आणि पातळ काँक्रीट जास्त आकसतं.

खड्डे बुजवताना निघालेली काळी माती परत टाकू नका. मुरूम १५ सेमीच्या थराने, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून आणि धुमसाने ठोकून भरा.

घर जॅकवर उचलून जुन्या पातळीला आणण्याचा मोह टाळा. भारवाही विटांची भिंत वर ढकलली तर जुन्या तडा मिटण्याऐवजी नव्या पडतात. इथे काम आहे घर आहे त्या जागी थांबवण्याचं.

जोत्याभोवतीचा पट्टा आणि तडा

घराभोवती सगळीकडे किमान १ मीटर, जमलं तर दीड मीटर रुंद काँक्रीटचा पट्टा करा. खाली १५ सेमी ठोकलेला मुरूम, वर १० सेमी काँक्रीट. उतार बाहेरच्या दिशेने, दर मीटरला २ ते २.५ सेमी. पट्टा आणि जोत्याचा सांधा डांबराने भरा, सिमेंटने नाही, कारण तो सांधा हलणारच आणि सिमेंट फुटणारच. खचलेल्याच बाजूला पट्टा करून बाकीच्या तीन बाजू सोडल्या तर मातीतला ओलावा एकीकडे टिकतो आणि दुसरीकडे उडतो, आणि घर नव्या जागी वाकतं. पट्टा पूर्ण फिरवा. फुलझाडांचे वाफे त्याच्या बाहेर.

तडा लगेच भरू नका. एक पावसाळा आणि एक उन्हाळा खिळे तसेच ठेवा. अंतर तेवढंच राहिलं तर भिंतीला टाके घाला. तडेच्या दोन्ही बाजूंना ५० सेमी जाईल अशी १ मीटर लांब, ८ मिमी सळई विटांच्या आडव्या सांध्यात, ४५ सेमी उंचीच्या अंतराने. सांधा ४ ते ५ सेमी खोल कोरा, धूळ काढा, भिजवा, १:३ मसाला भरा, सळई दाबा, वरून पुन्हा मसाला. सळईवर किमान २ सेमी मसाला हवा, नाहीतर गंज बाहेर येतो. तडेत खालून वर सिमेंटचं पातळ ग्राउट (पाण्यात कालवलेलं सिमेंट) भरा. मग तडेवर एक फूट रुंद चिकन मेश (बारीक तारेची जाळी) लावून प्लास्टर करा आणि सात दिवस पाणी मारा.

खिळे मात्र प्लास्टरच्या बाहेर डोकी ठेवून तसेच राहू द्या. दुसऱ्या वर्षी मेच्या शेवटी आणि सप्टेंबरच्या शेवटी एकेकदा मोजून वहीत लिहा.